खुलासा : फेस्टॅक ७७ आणि राणी इदियाचा मुखवटा
‘१९७७चा लागोसचा फेस्टॅक हा पहिला जागतिक आफ्रिकी कला महोत्सव, त्यासाठी ब्रिटिश म्युझियमने राणी इदियाचा हस्तिदंती मुखवटा नायजेरियाला परत दिला’ असा मजकूर सध्या फिरतोय. दोन्ही दावे चूक आहेत.

पहिला महोत्सव एप्रिल १९६६मध्ये सेनेगलच्या डाकारला झाला, राष्ट्राध्यक्ष सेंघोर यांच्या पुढाकाराने. लागोसचा अधिकृतरीत्याच ‘दुसरा’ होता : १५ जानेवारी ते १२ फेब्रुवारी १९७७.

मुखवट्याचं म्हणाल, तर तो जुन्या बेनिन राज्याची (आजच्या नायजेरियातलं; बेनिन देश वेगळा) राजमाता इदिया हिचा, जेमतेम वीतभर उंचीचा. मुकुटाच्या कडेला दाढीवाल्या पोर्तुगीजांची इवली डोकी कोरलेली. १८९७च्या ब्रिटिश स्वारीत बेनिनच्या राजवाड्यातून लुटलेला. नायजेरियाने मागितला तेव्हा म्युझियमने नकार दिला. हस्तिदंत नाजूक आहे, प्रवास सोसणार नाही, हे कारण पुढे केलं. (लुटून नेताना बरा सोसला!) महोत्सवाचं बोधचिन्ह त्याच मुखवट्याचं होतं, म्हणून प्रतिकृती कोरून घेतली. जुन्या फोटोंमुळे होणारा घोटाळा बहुधा इथलाच. मूळ मुखवटा आजही लंडनलाच आहे.

‘सगळा पैसा नाचगाण्यात उडाला’ हेही अर्धसत्य. तेलाच्या पैशातून वारेमाप खर्च झाला, टीकाही झाली. पण कलावंतांसाठी बांधलेली फेस्टॅक टाउन ही वसाहत नंतर सोडतीने लागोसकरांना मिळाली. तिथे आजही लोक राहतात.