हिटलरची तबकडी आणि आमचे भाऊजी

हिटलरची उडती तबकडी आज सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर उतरली. सोबत नेहमीचा मसाला: जर्मनांनी आपलं वैमानिक शास्त्र (प्राचीन विमानविद्येचा म्हणून मिरवला जाणारा ग्रंथ) पळवलं, मुंबईत राइट बंधूंच्या आधी विमान उडवलं असं सांगतात त्या तळपद्यांचे कागद नेले आणि त्यातून घंटेच्या आकाराचं गुप्त यान बनवलं. भाऊजींनी पाठवलंय म्हटल्यावर खाली नमस्कारांची आणि तिरंग्यांची रांग. तिथे गप्प बसलो, म्हणून इथे लिहितोय.

माझे काका ओझरला मिगच्या कारखान्यात होते. लहानपणी असली अचाट विमानं घेऊन त्यांच्याकडे गेलो की बशीतला चहा फुंकत एवढंच विचारायचे, "लॉगबुकात उड्डाणाचे तास किती?" चित्रं काय, कोणीही काढतं.

लावा तोच प्रश्न. घंटेचे तास? घंटा! ती गोष्टच २००० साली एका पोलिश लेखकाच्या पुस्तकातून आली. आणि ते वैमानिक शास्त्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या (आयआयएससी) लोकांनी १९७४ मध्येच तपासलंय: १९०४ च्या आधीचं नाही आणि त्यातलं एकही विमान उडणार नाही. तळपद्यांबद्दल मला आदर आहे हो, पण म्हणून त्यांना हिटलरच्या दावणीला कशाला बांधायचं?

जर्मनीतल्या हॉर्टन बंधूंचं 'स्टेल्थ', म्हणजे रडारला न दिसणारं, विमान घ्या. प्लायवूडचं. जेट इंजिनांवर जेमतेम काही उड्डाणं, आणि १८ फेब्रुवारी १९४५ ला इंजिन बंद पडून वैमानिक झिलर गेला. रडारला चकवायला डिंकात कोळसा घालणार होतो, हे हॉर्टनना आठवलं जवळजवळ चाळीस वर्षांनी!

मेसरश्मिट-२६२ हे जर्मन लढाऊ जेट मात्र खरं. लढलं, वेगातही सरस होतं. पण निकेल-क्रोमियमची टंचाई, त्यामुळे इंजिनाचं आयुष्य फार तर पंचवीस तास. काकांना हा आकडा सांगितला तेव्हा ते खो खो हसले होते.

बरं, मागे वळवलेल्या पंखांचं संशोधन जर्मनांचंच, अमेरिकेने बी-४७ या बॉम्बरला तेच वापरलं. मान्य. पुढे.

जर्मन विद्या आपल्याकडे खरंच आली होती, चोरून नाही, पगारावर. फोक-वुल्फ १९० हे लढाऊ विमान घडवणारा जर्मन कुर्ट टँक बंगळूरला आला, त्याने 'मरुत' हे लढाऊ जेट बनवलं, १९६१ मध्ये ते उडालं. देखणं विमान! पण हवं तेवढ्या ताकदीचं इंजिन शेवटपर्यंत मिळालं नाही. मरुतचा विषय निघाला की काका तास विचारत नसत. नुसते "हं" म्हणायचे आणि बशी खाली ठेवायचे.

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण मेसरश्मिट-२६२ चे सांगाडे ऑस्ट्रियात गुसेनच्या भुयारात छळछावणीतले कैदी जोडत होते. उपाशी, मार खात, हजारोंनी मेले. 'जर्मन तंत्रज्ञानाचा चमत्कार' म्हणताना त्या माणसांची एक ओळ कुठल्या फॉरवर्डमध्ये येत नाही, आणि आपण खाली तिरंगे लावतो? कसले?

भाऊजी, तुम्ही हे वाचणार, माहीत आहे. रविवारी येतोय जेवायला, तेव्हा बोलू. तबकडीवर नको, गुसेनवर.