दातापुढचा उंचवटा घासू नका, ती कंपनीची चाल नाही

चेनसॉ, म्हणजे फिरत्या दातेरी चेनने लाकूड कापायची मशीन. ‘चेनसॉवाल्यांनो, कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ असा पाच मुद्द्यांचा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. माणगावात माझं मशीन दुरुस्तीचं दुकान असल्यामुळे असलं काही निघालं की आधी माझ्याकडेच येतं. तीनदा आला, तीनदा सोडून दिला. चौथ्यांदा श्रीवर्धनहून भाच्याने पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, तीन नंबरचं करून बघितलं. मशीन नुसती पळते!’

फोन लावला आणि आधी त्याला मशीन खाली ठेवायला लावली.

तर तो तीन नंबरचा मुद्दा असा: ‘चेनच्या प्रत्येक दातापुढे एक छोटा उंचवटा असतो. चेन हळू कापावी म्हणून कंपन्या तो मुद्दाम ठेवतात. ग्राइंडरने साफ करा, स्पीड डबल.’ लिहिणाऱ्याने आयुष्यात रंधा हातात घेतला नसावा. रंध्याचं पातं तळाच्या बाहेर केसभरच डोकावतं, म्हणून लाकडाचा पापुद्रा निघतो. तेच पातं बोटभर बाहेर काढा आणि जोर लावून बघा काय होतं ते. चेनचा दात म्हणजे पातं आणि पुढचा उंचवटा म्हणजे रंध्याचा तळ. दाताने किती खोल घास घ्यायचा हे तो उंचवटा ठरवतो. दाताच्या टोकापेक्षा तो साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, जवळपास तेवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी भाचा चेन पिशवीत घालून घेऊन आला. गेज, म्हणजे उंचवटा किती खाली आहे ते मोजायचं साधन, लावून बघितलं. काही दातांपुढे एक मिलिमीटर, काहींपुढे दोनाच्या वर, आणि एके ठिकाणी तर दातालाच ग्राइंडर लागून निळा डाग पडलेला, म्हणजे तापून तिथल्या पोलादाचं पाणी उतरलं, दात मऊ पडला. हाताने, अंदाजाने घासल्यावर दुसरं काय होणार? एक दात चिमटीभर खातो, पुढचा मूठभर. पडलेल्या माडाच्या मऊ गाभ्यात ती पळाली यात नवल नाही. ऐनाचा किंवा जुन्या फणसाचा ओंडका असता तर पहिल्या हिसक्याला कळलं असतं.

आणि हिसका हीच तर खरी भीती. चेन जिच्याभोवती फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग, घड्याळात बारा ते तीन वाजतात तेवढा, कशाला टेकला की दात लाकडात रुततो आणि सगळी पट्टी माणसाच्या तोंडाकडे उसळते. पापणी लवायच्या आत. उंचवटा जितका खाली, तितका दात खोल रुतणार आणि उसळी तितकी मोठी. हे मी मनाचं सांगत नाही. चेन बनवणाऱ्या ओरेगॉन कंपनीच्या देखभालीच्या पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आणि ही कंपनी काढली कोणी? जोसेफ कॉक्स नावाच्या अमेरिकन लाकूडतोड्याने, 1947 मध्ये. आदल्या वर्षी त्याने एका ओंडक्यात अळी बघितली. ती डावीकडे-उजवीकडे कुरतडत लाकूड आडवं-उभं कसंही पोखरत होती. आज आपण वापरतो ती डाव्या-उजव्या दातांची चेन तिथून आली. स्वतः लाकूडतोड केलेल्या माणसाने चेन हळू कापावी म्हणून डोकं चालवलं असेल, हे मला तरी पटत नाही.

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. उंचवटा कधीच घासायचा नाही, असं नाही. दाताचा माथा मागे उतरता असतो, त्यामुळे कानस मारत गेलं की दात बुटका होत जातो आणि उंचवटा आहे तिथेच राहतो. मग चेन धार असूनही कापत नाही, भुशाऐवजी पीठ पडतं. अशा वेळी गेज ठेवून चपट्या कानशीने दोन-तीन हात मारायचे. फॉरवर्डवाल्याने कुठल्या तरी मिस्त्रीला हे करताना बघितलं असणार, आणि अर्धवट बघून ग्राइंडर उचलला.

आता फॉरवर्डमधले बाकीचे मुद्दे. एक नंबर: ‘22 इंची पट्टीला कुठलीही 22 इंची चेन बसते.’ नाही बसत. इंचात पट्टीची लांबी मोजतात, चेनची तीन मापं वेगळीच. सलग तीन रिव्हेटांमधलं अंतर घ्या आणि निम्मं करा, ते पहिलं माप. 0.325 इंचाची चेन म्हणजे 8.25 मिलिमीटर, तीन-अष्टमांशाची म्हणजे 9.5. एकीच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, दुसरी चढवली तर स्प्रॉकेटचे दात खाल्लेच म्हणून समजा. दुसरं माप पट्टीच्या खाचेत जाणाऱ्या कडीची जाडी. 1.5 मिलिमीटरच्या खाचेत 1.3 ची चेन घातली की ती कलते आणि काप वाकडा जातो. तिसरं माप म्हणजे खाचेत जाणाऱ्या कड्यांची संख्या. ही मापं बहुतेक पट्ट्यांवर मागच्या बाजूला कोरलेली असतात, चिखल पुसला की दिसतात. नसतील तर जुनी चेनच घेऊन दुकानात या.

दोन नंबर: ‘चौकोनी कोपऱ्याचा दात ओरिजिनल, गोल कोपऱ्याचा डुप्लिकेट.’ इथेही अर्धं सत्य आहे. स्वच्छ, ओल्या लाकडात चौकोनी दात जास्त वेगाने कापतो, वादच नाही. पण 3 जून 2020 ला निसर्ग वादळ झालं, त्यानंतर आमच्याकडे जे माड आडवे पडले होते ते वाळूत लोळलेले होते. माडाची बाहेरची साल-कड आधीच टणक, त्यात वाळू. चौकोनी दाताचं सगळं काम त्या एका टोकदार कोपऱ्यावर चालतं आणि वाळूत आधी तोच जातो. गोल कोपऱ्याचा दात जरा हळू कापतो, पण वाळक्या, मातकट लाकडात धार कितीतरी जास्त टिकते, आणि कानस मारायलाही सोपा. वाडीतल्या माणसाला तोच घ्यायला सांगतो.

चार नंबर, ‘चेनला मोटरसायकलचं जळकं ऑइल घाला.’ घालू नका. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, तो पंपात आणि पट्टीच्या खाचेत जाऊन बसतो. अडीनडीला ताजं इंजिन ऑइल घाला, चालेल. जळकं नको.

पाच नंबर, ‘कार्बाइडची चेन घ्या, धारच लावावी लागत नाही.’ लावावी लागते, आणि साधी कानस तिच्यावर चालत नाही, डायमंडचं चाक लागतं. ती अग्निशमनवाल्यांच्या कामाची. माडात कोणीतरी ठोकलेला खिळा लागला तर तिच्या दाताचा टवका उडू शकतो.

भाच्याची ती चेन दुकानातच ठेवून घेतली, खिळ्याला टांगली आहे. त्याला नवी दिली: 0.325, 1.5 मिलिमीटर, 86 कड्या, गोल कोपरा. सोबत 4.8 मिलिमीटरची गोल कानस, एक चपटी कानस आणि गेज. पैसे देताना म्हणाला, ‘मामा, ग्रुपवर तर अजून लोक थम्सअप देतायत.’ म्हटलं, हे सगळं लिहून देतो, तिथेच टाक.