होमली, व्हीटिश, रोडटच

‘जरा इंग्रजी बघून दे गं’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मी एका प्रकाशनसंस्थेत इंग्रजी मजकूर तपासते ही बातमी सोसायटीत फुटल्यापासून दाराची बेल वाजली की बाहेर दूधवाला, कुरिअरवाला किंवा विशेषण, यांपैकी कुणीतरी उभं असतं. क्रियापदांची कुणाची अडचण नसते. इझ-वॉझ सगळ्यांनी शाळेतच घोकलेलं असतं. घोडं अडतं ते विशेषणांपाशी, कारण माणसाला जे मनापासून मिरवायचं असतं ते सगळं तिथेच असतं.

आमच्या सेक्रेटरींच्या नोटिसा मात्र मी आवडीने वाचते. ‘ऑन ट्यूसडे ओन्ली बोरिंग वॉटर विल कम.’ मंगळवारी फक्त कंटाळवाणं पाणी येणार. महापालिकेचं पाणी एरवी किती रंजक असतं, हे त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, ‘काका, बोअरवेल वॉटर लिहा.’ ते म्हणाले, ‘अहो, पण सगळे बोरिंगच म्हणतात.’ म्हणतात खरंच. पुढच्या आठवड्यात ‘इंटरेस्टिंग मेंबर्स’नी कमिटीसाठी नावं द्यावीत अशी नोटीस लागली. एकही नाव आलं नाही. आमची माणसं प्रामाणिक आहेत. खरं तर हिशेब साधा आहे: इंगवालं विशेषण छळणाऱ्याला, एडवालं सोसणाऱ्याला. वार्षिक सर्वसाधारण सभा बोरिंग, आपण बोअर्ड.

तिसऱ्या मजल्यावरच्या अण्णांना फ्लॅट विकायचा होता. ‘टेन इयर्स ओल्ड, ईस्ट फेसिंग, स्टेशन वॉकेबल फ्लॅट.’ स्टेशन वॉकेबल म्हटलं की स्टेशनच चालत येईल असं वाटतं. विदिन वॉकिंग डिस्टन्स ऑफ द स्टेशन म्हटलं की ते आपल्या जागी राहतं. हे अण्णांना पटलं. इयर्समधला एस काढायला मात्र ते तयार होईनात. फ्लॅट इझ टेन इयर्स ओल्ड, पण अ टेन-इयर-ओल्ड फ्लॅट. नामाच्या पुढे बसताना एस गळतो, आणि मध्ये आडव्या रेघा येतात. अण्णा विचारात पडले. ‘एस काढल्यावर फ्लॅट कमी जुना वाटतो का?’ मी म्हटलं, थोडा वाटत असेल. ‘मग काढाच.’

रेघांवरून मात्र वाद झाला. अण्णांचं वाचन दांडगं. २००७ साली शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या नव्या आवृत्तीतून सुमारे १६,००० शब्दांच्या रेघा काढून टाकल्या, हे त्यांनी मला ऐकवलं. खरं आहे ते. आईसक्रीमची गेली, बंबलबीची गेली. पण ती बहुतेक नामं. मॅन-ईटिंग टायगरमधली रेघ काढून बघा, वाघाच्या जागी वाघ खात बसलेला माणूस दिसतो. अण्णा म्हणाले, ‘आपल्या फ्लॅटमध्ये वाघ नाही.’ त्यांनी रेघा काढल्या आणि त्या जागी ‘रोडटच’ घातलं. फ्लॅट चौथ्या विंगच्याही मागे आहे.

हे सगळं काहीच नाही म्हणावं असा प्रसंग तळमजल्यावरच्या काकूंनी आणला. मुलीचा बायोडाटा. मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. काकूंची गाठ त्याच्याशी पडली ती पाचवीत, पण पडल्यावर त्यांनी ते सोडलं नाही. कागदावर होतं: ‘ठाणे स्टेइंग, बँक सर्व्हिंग, एम.कॉम. पास्ड, अलोन डॉटर, स्लिम, व्हीटिश, होमली, गुड इन कुकिंग, नेचरवाईज ॲडजस्टिंग गर्ल.’

वाचता वाचता मला दम लागला आणि मुलगी आली ती सगळ्यांच्या शेवटी. पण खरं सांगू, त्यात इंग्रजीचा दोष नव्हताच. ते अस्सल मराठी होतं. ‘ठाण्यात राहणारी, बँकेत नोकरी करणारी, एम.कॉम. झालेली, सडपातळ मुलगी’ असं म्हणून बघा, कुठे अडखळता का? मराठीत नाम म्हणजे वरातीतला नवरदेव. आधी बँड, मग नाचणारी पोरं, मग मामा-मावश्या, आणि लोक कंटाळून गॅलरीतून आत जायला निघाले की घोड्यावरून तो. आपल्या ‘-णारा’ आणि ‘-लेला’च्या जिवावर आपण ही वरात हवी तेवढी लांबवू शकतो. इंग्रजीला ते पेलत नाही. दोन-तीन आटोपशीर विशेषणं नामापुढे चालतात, बाकीचं लटांबर मागून हू, विथ, फ्रॉम करत येतं. अ बँक ऑफिसर हू लिव्ह्ज विथ हर पेरेंट्स इन ठाणे. संपलं. काही विशेषणं तर नामापुढे बसायलाच नकार देतात. शी इझ अलोन चालतं, अलोन डॉटर चालत नाही; एकुलती एक ती ओन्ली डॉटर. आणि गुड असायचं ते ॲट कुकिंग.

जी दोन-तीन पुढे चालतात त्यांचीही रांग ठरलेली असते: आधी मत, मग आकार, वय, रंग, मूळ गाव आणि शेवटी कशाचं बनलंय ते. मध्ये कुणी घुसलेलं इंग्रजांना खपत नाही, आणि का खपत नाही विचारलं तर बहुतेकांना सांगताही येत नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले जे. आर. आर. टॉल्किन यांनी साधारण सात वर्षांचे असताना एक ड्रॅगनची गोष्ट लिहिली होती. आईने ड्रॅगनबद्दल चकार शब्द काढला नाही. ग्रीन ग्रेट ड्रॅगन म्हणत नाहीत, ग्रेट ग्रीन ड्रॅगन म्हणतात, एवढंच सांगितलं. पुढे हेच गृहस्थ ऑक्सफर्डला भाषेचे प्राध्यापक झाले आणि १९५५ साली ऑडन या कवीला पत्रात लिहिते झाले की असं का, हा प्रश्न मला अजूनही पडतो. ही गोष्ट मी मोठ्या उत्साहाने काकूंना सांगितली. त्या हळहळल्या. ‘सात वर्षांच्या पोराने गोष्ट लिहिली आणि आई चुका काढत बसली?’

उरली होमली. ‘काकू, इंग्लंडात होमली म्हणजे साधं, घरगुती. अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला बेताची.’ काकूंनी चष्मा काढला. ‘म्हणजे न्यू जर्सीच्या स्थळाला आम्ही काय कळवलं?’ मी गप्प बसले. काकू थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, ‘त्यांनी तरीही फोटो मागवला होता हो. माणसं चांगली असणार.’

व्हीटिशवर मी फारसा जोर लावला नाही. मुळात मुलीचा रंग कळवायचाच कशाला, हे माझं म्हणणं, आणि ‘सगळेच लिहितात’ हे काकूंचं. या वादाला इंग्रजीचं व्याकरण पुरत नाही. याच बाजारात ‘इनोसंट डिव्होर्सी’ नावाचाही एक प्रकार मिळतो. कोर्टाने निर्दोष सोडल्यासारखा. तो वाचल्यावर व्हीटिश अगदीच निरुपद्रवी वाटायला लागतं.

शेवटी मी बायोडाटा चार सरळ वाक्यांत बसवला. शी वर्क्स, शी लिव्ह्ज, शी एन्जॉइज कुकिंग. मुलगी पहिल्याच ओळीत आली, श्वास घ्यायला जागा राहिली. खुद्द मुलीने वाचला आणि म्हणाली, ‘ताई, ही खरंच मी वाटतेय.’ एवढं कौतुक मला ऑफिसात कधी मिळालेलं नाही.

रविवारी काकू पुन्हा दारात. हातात मुलाकडचा बायोडाटा. ‘हायली क्वालिफाईड, वेरी वेल सेटल्ड, ओन फ्लॅट हॅविंग, नॉन-ड्रिंकिंग, जॉइंट फॅमिली लव्हिंग, डाऊन टू अर्थ बॉय.’ काकू कौतुकाने त्यावरून हात फिरवत होत्या. ‘बघ, कसं भरगच्च इंग्रजी आहे. यांच्यापुढे आपलं अगदीच गरीब दिसतं गं. पाच-सहा शब्द तरी घाल. आणि मुलगा ठाण्यातलाच आहे, तेव्हा ते होमली परत टाकायला काही हरकत नाही.’