संग्राहकांनीच तर ती रिळं वाचवली

‘मूक विनोदी लघुपटांची रिळं जमवणं म्हणजे निव्वळ स्मरणरंजन’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य मुळीच पटलं नाही. कीस्टोन या अमेरिकी चित्रपट कंपनीचा १९१४चा ‘अ थीफ कॅचर’ हा मूक विनोदी लघुपट कित्येक दशकं हरवलेलाच मानला जात होता. त्याची १६ मिलिमीटरची प्रत मिशिगनमधल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत एका संग्राहकाच्या हाती लागली. २०१०मध्ये ती लोकांसमोर आली आणि त्यात पोलिसाच्या वेशातला तरुण चॅप्लिन दिसला! त्या काळची मूळ रिळं नायट्रेट नावाच्या ज्वालाग्राही फिल्मची असायची; ती पेट घ्यायची, सडायची. घरगुती प्रोजेक्टरसाठी काढलेल्या अशा छोट्या प्रतीच पुष्कळदा मागे उरल्या.

माझ्या काकांकडे चॅप्लिनचं एक आठ मिलिमीटरचं रीळ होतं. भिंतीवर चादर लावून आम्ही ते पाहायचो. प्रोजेक्टरच्या त्या खरखरीसकट हसण्याची मजा मोबाइलवर मला आजवर मिळालेली नाही.