एकच इंजेक्शन आणि दगडी कायमची बंद?

‘जंतूच्या अंगावरचं एक प्रथिन सापडलंय. त्याची लस एकदा टोचा, दगडी (गाईच्या कासेची सूज) कायमची जाते. सड औषधात बुडवायची कटकट संपली.’ हा निरोप पशुपालकांच्या गटांत फिरतोय. अशा प्रथिनांवर संशोधन चालू आहे, एवढं त्यात खरं.

मुळात दगडी हा एका जंतूचा रोग नव्हे. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्ट्रेप्टोकॉकस, शेणातला ई. कोलाय, क्लेबसिएला, कुणीही कास सुजवतो. प्रत्येकाचं बाहेरचं आवरण वेगळं. मायकोप्लाझ्माला तर पेशीभित्तिकाच नाही.

बरं, एकटा ऑरियस घेऊ. लसीमुळे अंगात तयार होणारं संरक्षक प्रथिन म्हणजे प्रतिपिंड; तो दोन हातांनी जंतू धरतो आणि शेपटी पांढऱ्या पेशीला दाखवतो. ऑरियसच्या अंगावरचं ‘प्रोटीन ए’ नेमकी ती शेपटीच पकडून ठेवतं. पेशीला मग शिकार ओळखूच येत नाही. शिवाय हा जंतू कासेच्या पेशींत शिरून बसतो, तिथे प्रतिपिंड पोचत नाही.

कोणतं प्रथिन कधी अंगावर येतं, हाही घोळच. दुधातलं लॅक्टोफेरिन लोह बांधून ठेवतं, म्हणून ई. कोलायसारखे जंतू लोह ओढणारी प्रथिनं बाहेर काढतात. प्रयोगशाळेत मुबलक लोहावर वाढवलेल्या जंतूवर ती फारशी दिसत नाहीत. लसीसाठी जंतूला मुद्दाम लोहाविना उपाशी ठेवावं लागतं.

‘एकदा टोचा’ म्हणाल तर युरोपात २००९ पासून मान्यता असलेली ‘स्टार्टव्हॅक’ बघा. तिच्यात एकटं प्रथिन नाही, ई. कोलाय आणि ऑरियसचे मारलेले अख्खे जंतू आहेत. २ मिलीचा डोस मांसात: पहिला विण्याआधी ४५ दिवस, दुसरा विण्याआधी १० दिवस, तिसरा व्याल्यावर ५२ दिवसांनी. आणि हे दर गाभणपणी. तरी उत्पादकाचा दावा प्रमाण आणि तीव्रता कमी करण्याचाच आहे.

सड बुडवणं सोडा, हा सल्ला मात्र सरळ नुकसानीचा. धार काढल्यावर सडाचं छिद्र साधारण अर्धा तास नीट मिटत नाही. गाय तेवढ्यात शेणात बसली की जंतूला वाट मोकळी. म्हणून सड ०.५ टक्के आयोडीनच्या टीट डिपमध्ये पूर्ण बुडवा आणि लगेच पुढ्यात वैरण टाका, म्हणजे ती उभी राहील. सीएमटीही (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, दुधावरून दगडी ओळखायची चाचणी) चालू ठेवा: तबकाच्या चार कप्प्यांत चार सडांचं प्रत्येकी २ मिली दूध, तेवढंच चाचणीचं द्रावण, दहा सेकंद गोल फिरवा. एखाद्या कप्प्यात चिकट गोळा झाला, तर त्या गाईची धार सर्वांत शेवटी काढा.