गिधाडं टॉवरमुळे गेली नाहीत, आणि ती गेल्यानं आपलं बरंच बिघडलं

"गिधाडं मोबाइल टॉवरमुळे आणि उपासमारीनं संपली. गुरांच्या औषधाची गोष्ट पर्यावरणवाल्यांनी रचलेली. तसंही डायनासोर गेले, हेही गेले. घाण खाणारा एक पक्षी कमी झाला तर कुणाचं काय बिघडलं?" अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

टॉवरचं उत्तर थोडक्यात देता येतं. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला जुलै १९९५ मध्ये, आणि पुढची काही वर्षं मोबाइल मोठ्या शहरांतल्या मोजक्या लोकांकडेच होता. त्याच वर्षांत भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश गिधाडांची घरटी ओस पडल्याची नोंद करत होते. पक्षी मान खाली टाकून बसायचे आणि काही दिवसांत मरायचे. गावोगाव टॉवर उभे राहिले ते त्यानंतर. आज त्याच टॉवरखाली घारी आणि कावळे राहतात.

उपासमारीचा मुद्दा पटण्यासारखा वाटतो, पण त्या काळात मेलेल्या गुरांची वाण नव्हती. गावाबाहेर टाकलेली ढोरं न खाता सडत पडत होती आणि त्यांच्यावर भटकी कुत्री पोसली जात होती. एक मात्र मान्य करतो: आज जी थोडी गिधाडं उरली आहेत, त्यांना आपल्याकडे काही भागांत खरंच खाणं कमी पडतं. म्हणूनच रायगड, नाशिक, गडचिरोली जिल्ह्यांत त्यांच्यासाठी ठरावीक जागी मेलेली जनावरं ठेवण्याचे प्रयत्न झाले. पण हा आजचा प्रश्न आहे, त्यांच्या ऱ्हासाचं ते कारण नाही.

आता औषधाची 'रचलेली गोष्ट'. पाकिस्तानात पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडं उघडून तपासली. बऱ्याच पक्ष्यांच्या आतड्या-काळजावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. मूत्रपिंडं निकामी झाल्यानं युरिक आम्ल साचलं होतं. तसा थर असलेल्या ज्या ज्या पक्ष्याची मूत्रपिंडं तपासली, त्या प्रत्येकात डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं. इतर कारणांनी मेलेल्यांत ते सापडलं नाही. मग डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस पाळीव गिधाडांना खाऊ घातलं, तर तीही तशीच मेली. २००४ मध्ये हे सगळं प्रसिद्ध झालं. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला दिलं जाणारं हे स्वस्त औषध. जनावर दगावलं की ते मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं.

"पण सगळ्याच जनावरांना कुठे औषध देतात?" असंही विचारतात. हिशेब मला इथेच सगळ्यात भयंकर वाटतो. एकाच ढोरावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात, म्हणजे एक विषारी ढोर अख्खा थवा मारू शकतं. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला साधारण पाच वर्षं लागतात. शंभरातल्या एकाहून कमी ढोरांत हे औषध असलं, तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो, असं गणित शास्त्रज्ञांनी मांडलं.

डायनासोरांशी तुलना करणाऱ्यांनी वेग पाहावा. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्के घटली. हजारात एक उरलं. पहिलीतलं पोर कॉलेज संपवतं तेवढ्या काळात. याला निसर्गक्रम म्हणणं मला मान्य नाही. कारण आपल्या गोठ्यात होतं.

आणि बिघडलं काय? गिधाडांचा थवा ढोराचा फडशा तासाभरात पाडतो. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं, की बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. कुत्र्यांना हे जमत नाही. ती मांस अर्धवट सोडतात, वाढतात आणि रेबीज पसरवतात. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे आधी भरपूर गिधाडं होती ते जिल्हे आणि जिथे ती नव्हती ते जिल्हे, यांतले मृत्यू ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे सुमारे ५ लाख जास्तीची माणसं मेली, असा त्यांचा २०२४ चा अंदाज आहे. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याची शतकांची अंत्यविधीची रीत सांभाळायला सूर्यकिरण एकवटणारी यंत्रं बसवावी लागली. 'घाण खाणारा पक्षी' म्हणताना हे आठवावं.

शेवटी काहीजण म्हणतात, "आता बंदी आहे, विषय संपला." जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलिलिटरपुरत्याच केल्या. केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही वेदनाशामकंही गिधाडांना घातक, पण जनावरांसाठी त्यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. मेलॉक्झिकॅम हे वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे आणि गुरांना लागूही पडतं. तुमच्याकडे गुरं असतील, तर इंजेक्शन देण्याआधी डॉक्टरांकडून बाटली मागून नाव वाचा. दुसरं वेदनाशामक दिलेलं जनावर दोन-चार दिवसांत दगावलं, तर ते उघड्यावर टाकू नका, पुरा.