‘डॉक्टरला सगळे पेशंट सारखेच’? बघू या

समलिंगी जोडप्यांच्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की एक उत्तर हमखास फिरतं : ‘आजार माणूस बघून येत नाही. डॉक्टरला सगळे सारखेच. यांचे वेगळे लाड कशाला?’

डॉक्टर माणूस बघूनच तपासतात. तंबाखू खाता का, घरात कुणाला शुगर आहे का, हे विचारतातच ना? स्त्रीरोगतज्ज्ञांकडे मात्र सगळं ‘लग्न झालंय?’वर अडतं. ‘नाही’ म्हटलं की पुढचे प्रश्न गळतात आणि पुष्कळदा गर्भाशयमुखाची तपासणीही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू लैंगिक संबंधातल्या त्वचेच्या संपर्कातून पसरतो, दोन बायकांमध्येही. सरकारी कार्यक्रमात ही तपासणी ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी आहे. मंगळसूत्राची अट नाही. म्हणजे जोडीदारणीसोबत राहणारी चाळिशीची बाई ‘सारख्या’ वागणुकीमुळेच तपासणीतून निसटते.

‘ऑपरेशनच्या सहीला रक्ताचं नातं लागतं’ हे तर धादांत चूक. शुद्धीवर असलेल्या सज्ञान पेशंटची संमती त्याची स्वतःची. दिल्लीतल्या एका ४४ वर्षांच्या अविवाहित बाईंना तपासणीपुरती भूल दिली होती; त्या बेशुद्ध असताना आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ती परवानगी ग्राह्य धरली नाही. मग जोडीदार दारात उभा असताना गावाहून भाऊ येईपर्यंत कशासाठी थांबायचं? मानसिक उपचारांसाठी तर २०१७ च्या कायद्यानं पेशंट आपला प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो, नातं कुठलंही असो. पेशंट बेशुद्ध असेल तर अडचण खरी आहे, मान्य. लग्नाला मान्यता नाही, त्यामुळे जोडीदार कागदावर परकाच. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र लिहिलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेऊ द्यावं. तिथेही ‘नसतील तर’ची मेख आहेच.

‘समलिंगी माणसं समुपदेशनानं सुधारतात’ यावर फार शाई खर्चायला नको. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

आणि सगळे सारखेच, तर रक्तदानाचं काय? २०१७ च्या राष्ट्रीय निकषांत पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष कायमचे बाद केलेत, एकाच जोडीदारासोबत वीस वर्षं संसार करणाराही. भीती एचआयव्हीची; पण ती चाचणी तर प्रत्येक पिशवीची होतेच.